युद्धाने देश आधुनिक होतो का? नागपूर-वऱ्हाडच्या हिशेबातून एक उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमपीएससीच्या अभ्यासगटात वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, युद्धामुळे कारखाने उभे राहतात, रेल्वे येते, तंत्रज्ञान येतं. जपान बघा, अमेरिका बघा, लांब कशाला, आपली अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी बघा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, युद्ध म्हणजे निव्वळ नासधूस. यातलं खरं काय आणि मुख्य परीक्षेच्या उत्तरात काय लिहावं?

मी आयुष्यभर आर्थिक इतिहास शिकवत आले, आणि त्यातही मध्य प्रांत-वऱ्हाडचे जुने अहवाल चाळण्यात माझा बराच काळ गेला. माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही बाजू ‘देश’ हा एकच धनी धरून बोलतात. युद्धात ऑर्डर एकाला मिळते, कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि उपाशी तिसराच राहतो. युद्धाने येते ती घाई. त्या घाईत उभं राहिलेलं पुढे कोणाच्या कामी येतं, हे ऑर्डर कोणाच्या हातात होती आणि बिल कोणी भरलं यावर ठरतं. हे समजायला टोकियोपर्यंत जायची गरज नाही. आपल्या भागात सगळं सापडतं.

सुरुवात कापसापासून करू, कारण यात सगळे धागे एकत्र येतात.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तिथूनच यायचा, तो अडकला. इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. तोवर आपल्या कापसाला तिकडे फारशी किंमत नव्हती: धागा आखूड, कचरा जास्त. पण गरज पडली तेव्हा तोच कापूस लिव्हरपूलच्या बाजारात चौपट भावाने गेला. हिंगणघाट, अमरावती, खामगाव या बाजारांत पैशाचा पूर आला. कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची वर्णनं मध्य प्रांताच्या जुन्या वृत्तांतांत आढळतात. ती थोडी रंगवलेली असतील, पण तेजी खरी होती.

आता या तेजीच्या आत बघ. ती येण्याआधी आठच वर्षं, १८५३ मध्ये, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलं होतं. का गेलं? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. थकबाकी फिटेना, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने देशातली उत्तम काळी कापसाची जमीन त्या कर्जापोटी ताब्यात घेतली. नागपूरचं राज्यही त्याच सुमारास, तिसरे रघुजी वारल्यावर खालसा झालं. म्हणजे तेजी आली तेव्हा महसूल कोणाला जाणार आणि रस्ते, रेल्वे कोणत्या दिशेने टाकायचे, हे ठरवण्याचा अधिकार आधीच्या लष्करी कर्जाने दुसऱ्याच्या हातात देऊन टाकलेला होता. युद्धाच्या अर्थकारणात मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. एका युद्धाचं किंवा फौजेचं देणं पुढच्या तेजीचा मालक ठरवतं.

तेजीत लोक काय करतात? पेरा बदलतात. ज्वारीखालची जमीन कापसाकडे वळली. हिंगणघाटची ‘बनी’ जात लांब आणि मऊ धाग्याची म्हणून नावाजलेली होती. पण तिला उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, कमी. भाव कशालाही मिळतोय म्हटल्यावर भेसळ सुरू झाली, गाठींत ओला कापूस, सरकी, माती. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. पुढच्या काळात जास्त उताऱ्याच्या जाड्याभरड्या जातींनी बनीला मागे सारलं. मागणी वाढली की दर्जा सुधारतो असं पाठ्यपुस्तकात असतं. युद्धाच्या मागणीचा दर्जावर उलट परिणाम होऊ शकतो, कारण घेणारा अडलेला असतो आणि विकणाऱ्याला माहीत असतं की हे फार दिवस चालणार नाही.

नागपूर, उमरेड, पवनीच्या कोष्ट्यांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. कापूस चौपट म्हणजे सूतही महाग. लुगड्याला, धोतराला मात्र त्या प्रमाणात भाव देणारं गिऱ्हाईक गावात नव्हतं. ज्या युद्धाने कापूस पिकवणाऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला, त्याच युद्धाने तोच कापूस विणणाऱ्याचे माग बंद पाडले. दोघं कधीकधी एकाच गावात राहत होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. मुंबईत तोवर कापसाच्या पैशावर शेअर्सचा सट्टा उसळला होता. बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्यांचे कागद सोन्याच्या भावाने विकले जात होते. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ आली आणि पेढ्यामागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. भाव उतरले, पण तेजीच्या दिवसांत घेतलेली कर्जं उतरली नाहीत. दख्खनमध्ये १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-कागद जाळले. त्यामागे सारावाढ आणि मंदी होती, आणि दहा वर्षांपूर्वीच्या तेजीने सैल झालेली उधारीही होती.

आणि रेल्वे? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) ही मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून जवळपास दोन वर्षांनी. तिचं नियोजन यादवी युद्धाच्या आधीचं, कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठीचंच. तेजीने त्याला जोर दिला. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती, त्यामुळे तोटा आला तरी भागधारकाला त्याची झळ नव्हती. खामगाव आणि अमरावतीला फाटे काढले गेले ते कापसाच्या बाजारांसाठी. रेल्वे कायमची राहिली, हे मान्य करायलाच हवं. पण भाव उतरल्यावर पोहोचलेल्या त्या रेल्वेने जाताना कापूस नेला आणि येताना मँचेस्टरचं सूत आणि कापड आणलं.

एवढं सांगून थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. कारण याच साखळीत नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी आहे.

जमशेटजी टाटा १८६५ मध्ये लंडनला होते. वडिलांच्या, नुसेरवानजींच्या पेढीचे कापसाच्या व्यापारातले कागद मुंबई कोसळल्यावर कवडीमोल झाले, आणि धनकोंना तोंड द्यायची वेळ तरुण जमशेटजींवर आली. घराणं सावरलं ते आणखी एका युद्धामुळे. १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी नेपियरच्या हाताखाली मुंबईहून ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) मोहीम काढली, तिच्या रसदपुरवठ्याच्या कंत्राटात नुसेरवानजींचा वाटा होता. त्यानंतर मुंबईत चिंचपोकळीला तेलाची बंद पडलेली गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, ती विकली, आणि मग जमशेटजींनी कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायचं ठरवलं. १८७४ मध्ये कंपनी झाली, १ जानेवारी १८७७ ला जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू झाली. रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायच्या नव्या पद्धतीच्या चात्या, त्यांनी तिथे लवकर आणून पाहिले. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये, अपघाताची भरपाई १८९५ पासून. शतकाहून जास्त काळ त्या भोंग्यावर नागपूरचा मध्यभाग चालला.

मग युद्धाने नागपूरला गिरणी दिली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. युद्धाच्या तेजीत शेकडो माणसांच्या हातात पैसा आला आणि बहुतेकांचा सट्ट्यात गेला. ज्या एकाने युद्धानंतर, मंदीत, शांतपणे जागा, पाणी, कोळसा, कापूस यांचा हिशेब करून यंत्रं आणली, त्याची गिरणी झाली. युद्धाने भांडवल इकडून तिकडे हलवलं. गिरणी उभी राहिली शांततेच्या बारा वर्षांत.

याच्याही मागे जायचं तर भोसल्यांचं नागपूर घे. पहिल्या रघुजींच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांनंतर १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई (मराठ्यांना द्यायची खंडणी) कबूल केली, ओरिसाही हाती आला. शहर वाढलं, विणकर आले, तलाव-वाडे झाले. पण मिळकत फौजेवर आणि फौज मिळकतीवर अशी ती व्यवस्था होती. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे इंग्रजांकडून हार झाल्यावर देवगावच्या तहाने कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. उत्पन्न घटलं आणि दरबाराचा हात उरलेल्या मुलखातल्या रयतेच्या खिशाकडे गेला. बंगालची बाजू वेगळी सांगायला हवी का? तिकडच्या गावांनी आपल्या स्वाऱ्यांची जी आठवण ठेवली आहे, ती आपल्याला ऐकायला सोपी जात नाही, तरी ती खरी आहे.

राज्ययंत्रणेबद्दल तुझ्या मित्रांचा मुद्दा मात्र जोरकस आहे, आणि तो उत्तरात यायला हवा. युद्धाचा खर्च भागवायला सरकारला माणसं मोजावी लागतात, कर लावावा लागतो, कागद ठेवावे लागतात. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीत खड्डा पडला म्हणून सरकारचा अर्थसदस्य जेम्स विल्सन याने १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. पुढच्याच वर्षी सरकारी कागदी चलनाचा कायदा झाला. पहिल्या महायुद्धात खर्च भागेना म्हणून १९१७ मध्ये परदेशी कापडावरची आयातजकात साडेसात टक्के केली आणि देशी गिरण्यांवरची अबकारी साडेतीन टक्क्यांवरच ठेवली. देशी गिरणीमालक वर्षानुवर्षं मागत होते ते संरक्षण त्यांना असं आडवाटेने मिळालं. कोणाच्या भल्यासाठी केलेलं ते धोरण नव्हतं, पण गिरण्यांनी त्याचा फायदा घेतला, आणि त्या आधीच उभ्या होत्या म्हणून घेऊ शकल्या.

दुसऱ्या महायुद्धाचा हिशेब मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर मांडून दाखवत असे. इंग्लंडने इथून कापड, ताग, पोलाद, धान्य फौजांसाठी उचललं. किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली आणि त्या जमेवर रिझर्व्ह बँकेने इथे रुपयाच्या नोटा छापल्या. माल देशाबाहेर किंवा छावणीत, नोटा बाजारात. चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास वाढल्या, भाव अडीचपटीच्या घरात गेले. पगारदार, शेतमजूर, विणकर यांच्याकडून कोणताही कायदा न करता वसूल केलेला तो कर होता. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली. युद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानच्या नावावर लंडनमध्ये सुमारे १३० कोटी पौंड जमा होते. ब्रिटनचा देणेकरी असलेला देश धनको झाला, हे पुस्तकात अभिमानाने लिहिलेलं असतं. ती शिल्लक भुकेल्या लोकांच्या ताटातून काढलेली होती, हे त्याच ओळीत लिहिलं गेलं पाहिजे.

आधुनिकतेची पावलं मागे कशी पडतात, त्याचं आपल्या प्रांतातलं उदाहरण ऐक. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करण्यावर १९३७ मध्ये बंदी आली होती. अनेक वर्षांच्या मागणीनंतर आलेली सुधारणा. युद्धात कोळसा कमी पडला, मजूर लष्करी कामांवर जास्त मजुरीने जाऊ लागले, आणि १९४३ मध्ये ती बंदी उठवली गेली. मध्य प्रांतातल्या खाणींतही बाया पुन्हा खाली उतरल्या. श्रमखातं त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. हा आणीबाणीचा तात्पुरता उपाय असल्याचं त्यांनी कायदेमंडळात मांडलं, बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल हे सांगितलं, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. मंत्री बाबासाहेबांसारखा असतानाही युद्धाच्या गरजेपुढे ही सुधारणा तीन वर्षं बाजूला ठेवावी लागली. इतर ठिकाणी काय होत असेल याचा विचार कर.

त्याच खात्याने त्याच काळात जे पेरलं ते मात्र आजही उगवतंय. त्रिपक्षीय श्रम परिषद १९४२ ची. लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार संचालनालय निघालं; रोजगार विनिमय केंद्रं आणि पुढे आयटीआयची साखळी त्यातून वाढली. सैन्यभरतीचाही विचार इथेच करायला हवा. महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, पहिल्या महायुद्धात पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणीत गेलेल्या पिढीला रोख पगार, पेन्शन आणि मुलांसाठी शाळा मिळाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे आठव. हा फायदा खरा आहे. पण गरज संपली की दार बंद करायचं, हे सरकारच्या हातात राहिलं. म्हणून तर हक्कासाठी संघटना लागली, आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली.

युद्धातलं यंत्र शांततेत कसं कामी येतं, याचं मला आवडणारं उदाहरण सोनेगावच्या विमानतळावरचं आहे. महायुद्ध संपल्यावर सैन्याची डकोटा विमानं स्वस्तात निघाली, ती देशी विमान कंपन्यांनी घेतली. रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री चार विमानं निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. विमान युद्धाचं, पण नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे ओळखून चार मार्ग इथे जोडण्याची कल्पना टपाल खात्याची. ही सेवा १९७० च्या दशकापर्यंत चालली.

आता अंबाझरी. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत जवळपास दुप्पट झाला. सीमेपासून दूर म्हणून आपला भाग निवडला गेला आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूरकडे भद्रावती, नागपुरात अंबाझरी असे कारखाने त्या दशकात आले. अंबाझरीने तोफगोळ्यांची कवचं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं फोर्जिंग अशी कामं इथल्या मुलांना शिकवली. त्या कौशल्याची किंमत मी कमी करणार नाही. पण त्याच दशकाचं दुसरं पान उलट. १९६५ चं पाकिस्तानशी युद्ध, त्याला जोडून दोन वर्षांचा दुष्काळ, ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन, ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० ला, आणि १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनेला सुट्टी. अंबाझरीचा कारखाना दिसतो. योजना थांबल्यामुळे न झालेली धरणं, न निघालेल्या शाळा कुठेच दिसत नाहीत, म्हणून वादात त्या हरतात. आणि दारूगोळ्याच्या कामाची जोखीम शांततेतही संपत नाही: २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले.

जपानबद्दल थोडक्यात. १८९५ मध्ये चीनला हरवून त्यांनी २० कोटी तैल (चांदीचं चिनी माप) खंडणी घेतली, यावाताच्या पोलाद कारखान्याला त्यातून हात लागला, १८९७ मध्ये येन सोन्याशी बांधला गेला. पण तीच रक्कम चीनने परकीय कर्जं काढून भरली; ‘युद्धाने आधुनिकीकरण होतं’ हे वाक्य पेकिंगमध्ये बसून लिहून बघ. जपानच्या प्राथमिक शाळा, सारा-सुधारणा हे सगळं त्या युद्धाच्या आधीचं. १९५० मध्ये बुडायला टेकलेली टोयोटा कोरियन युद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरवर तरली, तेव्हाही कारखाना आणि कारागीर तयार होते. युद्ध कोरियाच्या जमिनीवर चाललं होतं. हाच धागा युक्रेनमध्ये: सरकारी सेवांचं ‘दिया’ ॲप २०२० चं, रशियाचं आक्रमण २०२२ चं. विस्थापितांना मदत पोहोचवायला ते उपयोगी पडलं, कारण आधी बांधलेलं होतं. त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न मात्र जवळपास ३० टक्क्यांनी घसरलं.

उत्तर लिहिताना ‘फायदे’ आणि ‘तोटे’ असे दोन रकाने पाडू नकोस. परीक्षक तेच वाचून कंटाळलेला असतो. एक उदाहरण घे, कापसाचंच घे, आणि प्रत्येक टप्प्यावर विचार: ऑर्डर कोणाची, भांडवल कोणाचं, कर्ज कोणाच्या नावावर, लढाई कोणाच्या जमिनीवर, आणि युद्ध थांबल्यावर ते यंत्र किंवा ती माणसं दुसरं काय करू शकली. आज नागपुरात संरक्षण उत्पादनाच्या नव्या गुंतवणुकीच्या बातम्या येतात तेव्हाही हेच विचारावं लागतं: हिंगण्याच्या एखाद्या वर्कशॉपला दोन वर्षं लष्करी ऑर्डर आली नाही, तर त्याच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनवर तो ट्रॅक्टरचे किंवा रेल्वेचे सुटे भाग काढू शकेल का?

मूळ कागद बघायचे असतील तर नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटियर हाताशी घे. शेती, भाव-मजुरी आणि दुष्काळ यांची प्रकरणं वेगवेगळी वाचू नकोस. तिन्ही शेजारी ठेवून कापसाचा पेरा, ज्वारीचा भाव आणि मजुरी यांच्या नोंदी एकाच कागदावर उतरवून काढ.